विचारलं तर सांगेन

माकाबे सरांना आमच्या गावात कुणी फार मोठं मानत नसे, आणि त्यात गावाचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. बंदराच्या गावातलं मुलींचं दोन वर्षांचं कॉलेज, त्यात ग्रंथपाल घडवायचा वर्ग, आणि त्या वर्गात 'माहिती म्हणजे काय' एवढाच प्रश्न वर्षभर चघळणारा हा मास्तर. पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. मान बारीक, आणि कोट मात्र एखाद्या धडधाकट भावाचा मागून आणल्यासारखा सैल. मासळीबाजारातल्या बायका त्यांच्या बायकोला, किनुएकाकूंना, विचारायच्या, "तुमचे हे शिकवतात तरी काय नेमकं?" काकू म्हणायच्या, "विचारलं असतं हो, पण उत्तर संपेपर्यंत तुमची मासळी नासेल."

मी त्यांची विद्यार्थिनी, इसोगाई. त्यांच्याच शब्दावर मला शहर वाचनालयात चौकशीच्या टेबलावर नोकरी लागली. लोक येतात, अमुक कुठे मिळेल म्हणून विचारतात, आम्ही पुस्तक काढून देतो. काम एवढंच. सरांना मात्र त्या टेबलात अख्खं तत्त्वज्ञान दिसायचं.

तेव्हा आमच्या विषयात दोन तट होते आणि दोन्ही तट सरांना वेड्यात काढायचे. एक म्हणे, माहिती मोजता येते. तारेतून किती गेली तेवढं बघा, अर्थाचं नंतर पाहू. कॉलेजात संगणक आल्यापासून या मंडळींचे पाय जमिनीला लागत नव्हते. दुसरे म्हणत, माहिती पुस्तकात असते, पिपात खारवलेल्या मुळ्यासारखी. कुणी खावो न खावो, ती आहेच. सर दोघांवरही उखडायचे. "कपाटातलं पुस्तक म्हणजे नुसता कागद," ते वर्गात सांगायचे. "कुणी विचारत नाही तोवर त्यात माहिती नाही. विचारणाऱ्याच्या आत काही हललं तर ती माहिती. न विचारता दिलेलं उत्तर म्हणजे गोंगाट." हे त्यांचं पहिलं सूत्र. त्यावरचे त्यांचे निबंध तोक्योहून साभार परत यायचे, आणि सर त्यांना नवं पाकीट घालून दुसरीकडे धाडायचे.

दुसरं सूत्र त्यांना तरुणपणी सापडलं होतं, वाचनालयात मदतनीस असताना. माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवं असलेलं नसतं, हे ते सूत्र. खरा प्रश्न त्याच्याखाली दडलेला असतो. टेबलावर बसणाऱ्याने तो हळूहळू वर काढायचा. याचं उदाहरण ते दर वर्षी द्यायचे, नाव न घेता. समोरच्या सादो बेटावरून आलेली एक तरुण बाई दोरीच्या गाठींचं पुस्तक मागते. तिला विणकामाचं हवंय का? नाही. होडीवरच्या गाठींचं? हो. कुठली गाठ? बराच वेळ बसून, चहा पाजून कळतं ते असं, की तिचा नवरा समुद्रात बुडालाय आणि तिला जाणून घ्यायचंय की त्याला होडीशी बांधलेल्या कमरेच्या दोरीची गाठ आपोआप सुटू शकते, की ती त्याने स्वतः सोडली. सरांनी तिला पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. ती गाठ भिजल्यावर सरकते, असं तिथे छापलं होतं. बाई ते पान वाचून टेबलावर डोकं ठेवून रडली.

ती बाई म्हणजे किनुएकाकू. हे आम्हा मुलींना उशिरा कळलं, आणि कळल्यावर आम्हाला सरांचा कोटसुद्धा बरा दिसायला लागला.

काकू बेटावरून आल्या एकट्या खऱ्या, पण मागे आठ महिन्यांचं पोर ठेवून आल्या होत्या. त्यांची थोरली बहीण तोमीताई, तिची भातशेती होती, पर्सिमनच्या फळांची बाग होती, मूल नव्हतं. पोर तिने घेतलं, आपलं म्हणून. शिगेकी त्याचं नाव. तो काकूंना मावशी म्हणायचा आणि सरांना काका. बहिणी-बहिणींमध्ये एक ठरलं होतं, काकूंनीच मला एकदा सांगितलेलं. शिगेकी वीस वर्षांचा झाला, जानेवारीत त्या वयाच्या मुलांचा गावोगाव मान करतात तो दिवस पार पडला, की काकूंनी स्वतः जाऊन त्याला सांगायचं, त्याला जन्म कुणी दिला ते. तोपर्यंत त्याच्यासमोर अवाक्षर नाही. काकूंनी तो शब्द इतकी वर्षं पाळला. दर उन्हाळ्यात बोटीने जायच्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मावशी होऊन परत यायच्या.

ज्या वर्षी हा सोहळा यायचा होता, त्याच्या आधीच्या शरदात काकूंचं जेवण कमी झालं.

मला कळलं ते असं. सर टेबलाशी आले आणि पोटाच्या व्रणावर काय पथ्य असतं त्याचं पुस्तक मागितलं. मी उठले नाही. त्यांनीच शिकवलं होतं तसं विचारलं, "कुणासाठी, सर?"

"घरी हवंय."

"डॉक्टरांनी पथ्याचा कागद नाही दिला?"

"दिलाय."

"मग पुस्तकात काय बघायचंय?"

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "व्रण असलेल्या माणसाशी घरचे कसं वागतात ते बघायचंय. मला तिच्यासमोर तसं वागता आलं पाहिजे."

व्रण नव्हताच. आमच्याकडे तेव्हा रीतच ती होती. डॉक्टर नवऱ्याला एकट्याला आत बोलवायचे, खरं त्याला सांगायचे, आणि आजाऱ्याला व्रण म्हणून सांगायचे. आजाऱ्याने खचू नये म्हणून. काकूंचा कर्करोग स्वादुपिंडात होता आणि पसरला होता. डॉक्टरांनी सरांना सांगितलं की वसंत दिसणं कठीण आहे, आणि बाईंना कळू देऊ नका.

"तुम्ही सांगणार नाही?" मी विचारलं.

"तिने विचारलं तर सांगेन. खोटं बोलणार नाही. पण विचारलं तर." मग वर्गातला आवाज काढून म्हणाले, "न मागितलेलं सत्य एखाद्याच्या अंगावर फेकणं ही माहिती नव्हे, इसोगाई. ती मारहाण आहे."

मला राग आला. इतकी वर्षं ज्या सूत्राला कुणी दारात उभं करत नव्हतं, ते आता घरात अगदी सोयीचं झालं होतं.  मी म्हटलं, "आणि शिगेकी?" ते म्हणाले, "ते माझ्या लक्षात आहे." टेबलावर कुणी काय विचारलं ते बाहेर बोलायचं नाही, ही आमच्या धंद्यातली शपथ. मी ती पाळली.

नोव्हेंबरात काकूंनी मला मुळ्याचं लोणचं घालायला बोलावलं. दर वर्षी बोलवायच्या. वाळवून मऊ पडलेले मुळे, तांदळाचा कोंडा, मीठ, वर दगड. हिवाळाभर आणि पुढे चेरी फुलेपर्यंत तेच खायचं. काकू ओट्याशी बसल्या होत्या, मनगटं बारीक झाली होती, पण जीभ शाबूत होती. "मुळा दाब जरा, इसोगाई, त्याला कुरवाळतेस काय? लग्न नाही लावायचं त्याच्याशी."

सर वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसले होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण पानही उलटत नव्हतं.

काकू कोंडा चाळताना म्हणाल्या, "अहो, यंदा एकच पीप घालू का? दोघंच तर आपण."

"दोन घाल की. नेहमी दोन घालतेस."

"दुसरं पीप एप्रिलात उघडतं."

"मग एप्रिलात खाऊ."

काकूंनी चाळण झटकली. मी मुळ्यांवर मीठ टाकत होते. मग त्या मान वर न करता म्हणाल्या, "सादोला जाऊन यावं म्हणतेय. आत्ता जाऊ की वसंतात?"

"आत्ता कशाला?"

"तेच विचारतेय. ताई म्हणते, जानेवारीचा दिवस होऊ दे, मग ये. पण मी म्हटलं, जमलं तर आत्ताच जावं. दोन महिने आधी सांगितलं म्हणून काय बिघडणारे? ताई रागावेल, रागावू दे." मग त्यांनी सरांकडे पाहिलं. सरळ पाहिलं, आणि बघत राहिल्या. "तुम्ही सांगा. आत्ता जाऊ, की वसंतात चालेल?"

सर म्हणाले, "समुद्र खवळलेला असतो या दिवसांत. तुला बोट लागते. वसंतात जा. मीही येईन."

"वसंतात चालेल ना?"

"चालेल."

काकूंनी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पिपाला हात घातला. चेहऱ्यावरचा ताण गेला होता. त्या दिवशी त्या अळकुड्यांचा रस्सा पोटभर जेवल्या. मला वाढताना म्हणाल्या, "उगाच घाबरले होते बघ मी."

निघताना सर फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "सर, काकूंनी विचारलं."

"बोटीचं विचारलं."

"तुम्हीच आम्हाला शिकवलंत, पहिला प्रश्न खरा नसतो म्हणून."

"वर्ग संपलाय, इसोगाई."

"त्यांनी तीनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर तुमच्याकडे बघून विचारलं. याच्याहून सरळ आमच्याकडची कुठली बाई विचारते? 'मी मरणारे का हो' असं विचारायला हवं होतं का?"

"हो," सर म्हणाले. आवाज चढला होता त्यांचा, पहिल्यांदाच ऐकला मी. "हो. तेवढे शब्द यायला हवे होते. मी तयार होतो. रोज तयार असतो. आरशासमोर म्हणून बघतो. ती विचारत नाही, त्याला मी काय करू?" आणि मग हळू म्हणाले, "ती खूश झाली, पाहिलंस ना?"

मी घरी आले. आमच्याकडे कुणाला अडचणीत टाकणारं सरळ विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. लोक सरळ विचारत नाहीत यावर त्यांनी पस्तीस पानं लिहिली होती, आणि दोन सूत्रांतलं जे झेपत होतं तेवढं घरी नेलं होतं. विद्वान माणसं कधी कधी इतकी साधी चूक करतात की दुसऱ्याला लाज वाटावी.

नव्या वर्षाचे तांदळाचे गोळे काकूंच्या घशाखाली उतरले नाहीत. त्यांना दवाखान्यात हलवलं. शिगेकीचा दिवस तिकडे बेटावर साजरा झाला. तोमीताईंचा फोन आला, की पोरगा नव्या सुटात वाकडाच दिसत होता, पण भाषणं होईपर्यंत झोपला नाही, हे काय कमी आहे.

मी भेटायला गेले तेव्हा काकू उशीला टेकून होत्या. कातडी पिवळी पडली होती. मी संत्रं सोललं, त्यांनी एक फोड नुसती हातात धरली.

"व्रण फार दिवस चालतो गं," त्या म्हणाल्या. "मला मधे वाटलं, हे सगळे मिळून काही लपवतायत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला असंच व्रण म्हणून सांगितलं होतं. गेली ती. जाताना तिची मुलगी मला बघून रडली, म्हणजे काय समजायचं मी?"

मी संत्र्याच्या शिरा काढत राहिले.

"पण मग मी म्हटलं, यांना विचारलंय ना आपण? वसंतात चालेल का म्हणून. चालेल म्हणाले. हा माणूस पुस्तकाच्या पानाचा आकडासुद्धा खोटा सांगत नाही, इसोगाई. माझा पहिला नवरा गेला तेव्हा सगळं गाव मला बरं वाटेल ते सांगत होतं, आणि एकट्या या माणसाने पान उघडून दाखवलं. तेव्हापासून मी यांच्या शब्दावर जगतेय. वसंतात जाईन. आधी शिगेकीला बागेत घेऊन जाईन, मग सांगेन. ताईसमोर नको. काय बोलायचं ते पाठ केलंय मी. ऐकतेस?"

मी नको म्हटलं. म्हटलं, ते त्याच्यासाठी ठेवा.

सर बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले. "सर, तुमच्या उत्तराने त्यांच्या आत काही हललं. म्हणजे ती माहिती झाली. तुमच्याच व्याख्येप्रमाणे. त्या शिगेकीला बागेत काय सांगायचं ते पाठ करून त्यावर अजून वाट बघत बसल्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. ते उठून आत गेले. पण तेवढ्यात परिचारिका इंजेक्शन देऊन गेली होती. दुखणं वाढलं की ते द्यायचे, आणि मग काकू गुंगीत जायच्या. मी दारातून पाहिलं. सर खाटेशेजारी वाकून बोलत होते. बराच वेळ बोलत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मोठ्या माणसाची माफी मागतात तसे. काकूंचे डोळे अर्धे उघडे होते.

बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सांगितलं."

"ऐकलं त्यांनी?"

सरांनी टोपी घातली आणि सार्वजनिक फोनकडे गेले. तोमीताईंना म्हणाले, शिगेकीला घेऊन लगेच निघा. तोमीताई म्हणाल्या, निघतो, पण वारा सुटलाय, बोटी बंद आहेत. त्या दिवशी बंद होत्या, दुसऱ्या दिवशीही होत्या. काकू त्यानंतर शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

बोट सुटली तेव्हा घरी उदबत्ती लागली होती. शिगेकी त्याच सुटात आला. उंच, कान मोठे, काकूंसारखे. इतके काकूंसारखे, की गावातल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तो काकूंच्या पायाशी बसून मावशी, मावशी म्हणत रडला. तोमीताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो सबंध दिवस काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दहन झाल्यावर अस्थी वेचायला आम्ही आत गेलो. पत्र्याच्या तबकावर काकू एवढ्याशा उरल्या होत्या, आणि ऊब अजून होती. आमच्यात एकेक अस्थी दोघांनी मिळून आपापल्या लांब काड्यांच्या जोडीने धरून कलशात ठेवतात, पायांकडून सुरू करतात, आणि सगळ्यांत जवळची माणसं पहिली. तिथल्या माणसाने सरांच्या हातात काड्या दिल्या. तोमीताई पुढे झाल्या, शिगेकीच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवून दुसरा काड्यांसाठी पुढे केला.

सर म्हणाले, "तुम्ही थांबा, ताई. शिगेकी, तू ये."

"अहो माकाबे," तोमीताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "नवऱ्यानंतर बहीण. त्याचा नंबर मागे आहे."

"नवऱ्यानंतर मूल," सर म्हणाले.

 तोमीताईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या म्हणाल्या, "इथे? ही जागा आहे का?" सर म्हणाले, "दुसरी जागा मी ठेवली नाही. हे तिने सांगायचं होतं. चूक माझी आहे, ताई, तुम्ही त्याच्याकडे बघा." शिगेकी एकदा आईकडे, म्हणजे तोमीताईंकडे, बघत होता आणि एकदा सरांकडे. मग तोमीताईंनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला. तो पुढे आला. पहिलं हाड त्याच्या काड्यांतून दोनदा निसटलं, आणि सरांनी आपल्या काड्यांनी ते सावरून धरलं.

बाहेर बर्फ पडत होतं. बस उभी होती. तोमीताई बसमध्ये जाऊन बसल्या होत्या, किमोनोच्या बाहीत तोंड लपवून. शिगेकी सरांजवळ आला. मी कलशाला गुंडाळायचं पांढरं कापड धरून शेजारीच होते, म्हणून ऐकलं.

"त्या—" तो थांबला. काय म्हणावं त्याला कळेना. "त्यांनी का नाही सांगितलं मला?"

"सांगणार होती. वसंतात येऊन, बागेत. काय बोलायचं ते पाठ केलं होतं तिने."

"काय बोलणार होत्या?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला माहीत नव्हतं. मी ऐकून घेतलं नव्हतं.

"ते कुणालाच माहीत नाही," सर म्हणाले.

"इतक्या आजारी होत्या, आणि वसंताची वाट बघत होत्या? कुणी सांगितलं नाही त्यांना?"

"तिने मला विचारलं होतं," सर म्हणाले. "आत्ता जाऊ की वसंतात चालेल. मी म्हटलं, चालेल."

शिगेकी बघत राहिला. सर त्याच्यासमोर हात खाली सोडून उभे होते, आणि तो पुढे काय विचारेल याची वाट बघत होते. त्याने काही विचारलं नाही. तो वळला आणि बसमध्ये जाऊन तोमीताईंच्या शेजारी बसला.